वर्षभरासाठी दुसरे आईबाबा

मुलांनो, समजा आज रात्री जेवताना आईनं सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून आपल्याकडे एक मुलगा राहायला येणार आहे. वर्षभर."

तुम्ही विचाराल, "कोण गं? आत्याचा बंटी?"

"नाही रे. नॉर्वेचा आहे. आपल्या ओळखीचा नाही. तुझ्याच खोलीत झोपेल, तुझ्याच शाळेत जाईल."

हातातला घास हातातच राहील की नाही? तुमचा पहिला प्रश्न बहुधा "माझ्या खोलीत?" हाच असेल. आणि बाबा हळूच विचारतील, "महिन्याचे किती देणार ते लोक?" त्याचं उत्तर आहे, एक पैसाही नाही.

थट्टा नाही बरं का! अमेरिका, जर्मनी, जपान, ब्राझील अशा कितीतरी देशांत दरवर्षी हजारो घरांत असं घडतं. पंधरा ते अठरा वर्षांची मुलंमुली आपलं घर सोडून परदेशातल्या एखाद्या कुटुंबात जाऊन राहतात आणि तिथल्या हायस्कुलात शिकतात. त्यांना 'एक्स्चेंज स्टुडंट' म्हणतात आणि ठेवून घेणाऱ्या घराला 'होस्ट फॅमिली'. आपण यजमान कुटुंब म्हणू या. तसं आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. जुन्या काळी खेड्यातली गरीब मुलं पुण्याला शिकायला येत आणि वार लावून जेवत. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी देशपांड्यांकडे. फरक इतकाच, की वाराचा विद्यार्थी जेवून हात धुवून निघून जाई. हा पाहुणा मुक्कामाला येतो आणि न्हाणीघरात ओला टॉवेल टाकून जातो!

ही कल्पना निघाली कोणाच्या डोक्यातून, माहीत आहे? ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्यांच्या.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नव्हती. पण पॅरिसजवळ न्यूयी इथं अमेरिकनांनी जखमी सैनिकांसाठी एक रुग्णालय चालवलं होतं. तिथं ए. पायट अँड्र्यू नावाचे गृहस्थ आले. पूर्वी ते हार्वर्डला अर्थशास्त्र शिकवायचे. इथं त्यांनी ॲम्ब्युलन्स चालवायला घेतली. त्यांना एक गोष्ट खटकली. जखमी माणूस आघाडीवर पडलेला असतो आणि गाड्या मात्र मागेच थांबतात. १९१५ मध्ये त्यांनी फ्रेंच लष्कराला पटवलं, की आमच्या गाड्या थेट पुढे जाऊ द्या. मग फोर्डच्या हलक्याफुलक्या 'मॉडेल टी' गाड्यांना मागे लाकडी खोकं बसवून हे स्वयंसेवक डोंगराळ, चिखलाच्या रस्त्यांवरून जखमींना आणू लागले. बरेच जण कॉलेजातली पोरं होती. हातात बंदूक नाही, फक्त स्टिअरिंग. या पथकाचं नाव 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस', म्हणजेच एएफएस.

दुसऱ्या महायुद्धात ही मंडळी पुन्हा निघाली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात गेली, इटलीत गेली आणि भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही त्यांच्या गाड्या धावल्या. एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतली बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हाही हे ड्रायव्हर तिथं होते. माणूस माणसाचं काय करू शकतो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

युद्ध संपल्यावर आपापल्या घरी गेले असते तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती. पण १९४६ मध्ये न्यूयॉर्कला ते जमले आणि पुढे काय करायचं यावर बसून बोलले. स्टीफन गॅलाटी हे त्यांचे प्रमुख. ते दोन्ही महायुद्धांतले. त्यांनी ठरवलं, की आता मोठ्या माणसांच्या नादी न लागता शाळकरी मुलांना एकमेकांच्या घरी पाठवायचं. वर्षभर ज्याच्या ताटात ताट लावून जेवलात, त्याच्या देशावर बॉम्ब टाकताना हात थोडा तरी कचरेल, असा त्यांचा साधा हिशोब. १९४७ मध्ये दहा देशांतली ५२ मुलं अमेरिकेत शिकायला आली. पुढे १९५१ मध्ये दुसऱ्या एका उपक्रमातून ७५ जर्मन मुलं मिशिगन राज्यातल्या घरांत राहायला आली. विचार करा, सहाच वर्षांपूर्वी याच जर्मनीशी लढाई चालली होती. त्या मुलांसाठी ज्यांनी दार उघडलं असेल, त्यांना शेजारपाजारच्यांनी काय काय ऐकवलं असेल!

रोटरी क्लबांचीही अशीच मोठी योजना आहे. तिच्यात एकच घर नसतं. वर्षभरात दोन-तीन घरं बदलायची असतात. (घ्या, आला की नाही वार!) महाराष्ट्रातली मुलं रोटरीतर्फे परदेशी गेली आहेत आणि परदेशी मुलं आपल्याकडच्या घरांत येऊन वरण-भात कालवून हातानं जेवायला शिकली आहेत.

या मुलांमधली काही पुढे फार मोठी झाली. क्रिस्टीन लगार्ड ही फ्रान्सची मुलगी. वडील वारल्यानंतर, १९७३-७४ मध्ये, एएफएसची शिष्यवृत्ती घेऊन ती अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा गावी मुलींच्या शाळेत आली. त्याच मुक्कामात तिनं विल्यम कोहेन या खासदारांच्या कार्यालयात काम केलं. त्यांच्या मेन राज्यात फ्रेंच बोलणारे पुष्कळ मतदार. त्यांच्या पत्रांची उत्तरं द्यायला फ्रेंच येणारं माणूस हवंच होतं! बाहेर वॉटरगेट प्रकरण गाजत होतं आणि ही मुलगी आत पत्रं लिहीत होती. २०११ मध्ये ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची प्रमुख झाली आणि २०१९ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेची अध्यक्ष. अर्थात परदेशी राहून आलेला प्रत्येक जण बँकेचा अध्यक्ष होत नाही. बरेच जण भांडी घासायला शिकून येतात. माझ्या मते तेही कमी नाही.

आता हे चालतं कसं, ते सांगतो.

तुम्ही संस्थेकडे अर्ज करता. मुलाखत होते, इंग्रजी तपासतात. अमेरिकेला जायचं तर वय पंधरा ते साडेअठरा लागतं. अर्जात एक गमतीचा आणि सगळ्यांत अवघड भाग असतो, तो म्हणजे यजमान कुटुंबाला पत्र. कोणत्या कुटुंबाला? ते ठाऊक नसतं! न पाहिलेल्या माणसांना लिहायचं, की मी असा आहे, मला हे आवडतं, मी कुत्र्याला घाबरतो. बहुतेक मुलं तिथं आपले मार्क, ढाली, प्रशस्तिपत्रं लिहून मोकळी होतात. पण ते वाचणारी बाई आपल्या स्वयंपाकघरात बसलेली असते. तुम्ही सकाळी चिडचिड करता का, लहान भावंडांशी कसे वागता, मांसाहार करता की नाही, हे तिला हवं असतं. तुमची निवड ती अशी पत्रावरून करते. तुम्हाला मात्र गाव निवडता येत नाही. डोक्यात न्यूयॉर्क असतं आणि वाट्याला येतं चारही बाजूंनी मक्याची शेतं असलेलं गाव. जवळचं सिनेमागृह तीस मैलांवर.

कुटुंबाचीही कसून तपासणी होते. पूर्वी काही मुलांच्या वाट्याला फार वाईट घरं आली. तक्रारी झाल्या, तेव्हा २०१० मध्ये अमेरिकेच्या सरकारनं नियम आणखी कडक केले. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची पोलीस-नोंद बघायची. घराचे फोटो घ्यायचे, अगदी स्वयंपाकघर आणि न्हाणीघरासकट. मुलाला स्वतंत्र खाट हवी, आणि तीसुद्धा घडीची किंवा हवा भरून फुगवायची नको, असं चक्क नियमात लिहिलेलं आहे! संस्थेचा गावातला प्रतिनिधी दर महिन्याला मुलाशी बोलतो. घर जमलंच नाही तर बदलून मिळतं. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा. "लोकांनी एवढं फुकट ठेवून घेतलंय, तक्रार कशी करू?" म्हणून मुलं गप्प बसतात. कुणी अंगचटीला आलं, उपाशी ठेवलं, घाबरवलं, तर गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी फोन करायचा.

पण खरी परीक्षा अशा मोठ्या गोष्टींत क्वचितच असते. ती असते जेवणाच्या टेबलावर.

आपल्याकडे पाहुण्यानं पहिल्यांदा "नको" म्हणायचं असतं. मग घरचे आग्रह करतात. दुसऱ्यांदा "नको नको, पोट भरलं." मग ते वाढतात आणि आपण खातो. तुम्ही अमेरिकेतल्या घरी पहिल्या रात्री असंच करता. यजमान आई विचारते, "बटाटे घेणार आणखी?" तुम्ही लाजत म्हणता, "नको." ती म्हणते, "बरं," आणि भांडं पुढे सरकवते. संपलं! साडेसहाला झालेलं ते जेवण. रात्री दहाला पोटात कावळे कोकलताहेत आणि फ्रीज उघडावा की नाही या विचारात तुम्ही अंधारात उभे. त्या बाईच्या मनात काहीच वाईट नसतं. तुम्ही नको म्हणालात, तिनं विश्वास ठेवला.

उलट बाजूनंही असंच होतं. आपल्या घरात कोणी पाणी दिलं तर आपण 'थँक यू' म्हणतो का? आईला थँक यू म्हटलं तर ती म्हणेल, "बरं वाटतंय ना तुला?" तिथं मात्र दर वेळी म्हणायचं असतं. न म्हणणारा मुलगा उद्धट वाटतो. ताट उचलून धुवायच्या यंत्रात ठेवायचं, आपली चादर आपण बदलायची, हिवाळ्यात दारातला बर्फ फावड्यानं ओढायचा. घरातल्या मुलांना जी कामं, तीच तुम्हाला. गाडी चालवायला एक्स्चेंज विद्यार्थ्याला बंदी असते, आणि लहान गावांत बस नसते. म्हणजे कुठंही जायचं तर "मला सोडाल का?" असं विचारावं लागतं. आपल्याकडच्या मुलांना याचा फार संकोच वाटतो. मग ती खोलीत बसून राहतात आणि यजमानांना वाटतं, याला आम्ही आवडत नाही वाटतं.

आणि रडू? येतं की! पहिल्या आठवड्यात नाही येत. तेव्हा सगळंच नवलाचं असतं, पिवळी स्कूलबस, लॉकर, तासातासाला वर्ग बदलणं. रडू येतं महिना-दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास. तिथं तो एक साधा मंगळवार किंवा गुरुवार असतो आणि शाळेत गणिताची चाचणी असते. १९४७ साली आलेल्या मुलांना घरचं पत्रच काय ते मिळायचं. आज खिशात फोन आहे, आईचा चेहरा बघता येतो. गंमत म्हणजे तरीही संस्था सांगतात, की घरी रोज फोन करू नका. आधी मला हे क्रूर वाटलं होतं. पण रोज रात्री दोन तास आईशी बोलणारा मुलगा खालच्या मजल्यावर यजमानांबरोबर पत्ते खेळायला कधी बसणार?

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सुखाची नाही. आईबाबांबरोबर वाचलीत तर बरं.

योशिहिरो हात्तोरी हा जपानमधल्या नागोया शहराचा मुलगा. सगळे योशी म्हणायचे. वय सोळा. एएफएसतर्फे ऑगस्ट १९९२ मध्ये तो अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरी आला. यजमान कुटुंबात आई डॉक्टर, वडील विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि त्याच्याच वयाचा एक मुलगा. १७ ऑक्टोबरला संध्याकाळी दोघं मुलं हॅलोविनच्या पार्टीला निघाली. हॅलोविन म्हणजे सोंगं घेऊन, भुताखेतांचे पोशाख घालून साजरा करायचा सण. योशीनं एका गाजलेल्या सिनेमातल्या नाचऱ्या नायकासारखा पांढरा सूट घातला होता.

घराच्या नंबरातले आकडे पुढेमागे झाले. ती दोघं भलत्याच घरासमोर उभी राहिली. त्या घरावरही हॅलोविनची सजावट होती. त्यांनी बेल वाजवली. बाजूच्या दारातून एका बाईनं डोकावून पाहिलं, ती घाबरली आणि तिनं दार लावून नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. मुलं आपल्या गाडीकडे परत निघाली होती. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. घरमालक बंदूक घेऊन उभा होता. योशीला वाटलं, आपल्याला बोलावताहेत. "आम्ही पार्टीला आलोय," असं म्हणत तो हसतमुखानं पुढे झाला. तो माणूस ओरडला, "फ्रीझ!" योशी थांबला नाही. गोळी त्याच्या छातीत लागली.

आपल्याला फ्रीज म्हणजे दूध-भाजी ठेवायचं कपाट. शाळेत शिकवतात, पाणी शून्य अंशाला 'फ्रीझ' होतं. बंदूकवाला माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, जागचा हलू नकोस. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात असतं? त्या वेळी जपानमध्ये या एका शब्दावर खूप चर्चा झाली. मला मात्र वाटतं, दोष शब्दाचा नव्हता. सोळा वर्षांच्या मुलानं चुकून बेल वाजवली, तर त्याला नीट पत्ता सांगता येतो.

घरमालकावर खटला चालला. मे १९९३ मध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष ठरवलं. पुढे १९९४ मध्ये दिवाणी न्यायालयानं योशीच्या आईवडिलांना साडेसहा लाख डॉलर भरपाई द्यायचा निकाल दिला, पण प्रत्यक्षात विम्याचे एक लाखच हाती आले.

योशीचे वडील मासाइची आणि आई मिएको. त्यांच्या जागी तुमचे आईबाबा असते तर त्यांनी काय केलं असतं? "अमेरिकेचं नाव पुन्हा काढू नका," असं म्हणाले असते, आणि त्यात चूक काय होती? या दोघांनी बंदुका सहज मिळू नयेत यासाठी सह्या गोळा करायला सुरुवात केली. जपानमध्ये सुमारे १७ लाख लोकांनी सह्या केल्या. तिकडे अमेरिकेत योशीचे यजमान आईवडील त्याच कामाला लागले. ज्यांच्या घरातून तो मुलगा त्या संध्याकाळी बाहेर पडला होता, त्यांना केवढं ओझं वाटत असेल! पण दोन्ही आईवडिलांनी एकमेकांना दोष न देता हे काम एकत्र केलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये योशीचे आईवडील अध्यक्ष बिल क्लिंटन यांना भेटले. त्याच महिन्यात अमेरिकेत पिस्तूल विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची चौकशी सक्तीची करणारा 'ब्रॅडी कायदा' सही होऊन मंजूर झाला.

आणि योशीच्या नावानं जो निधी उभा राहिला, त्यातला एक भाग त्यांनी कशासाठी ठेवला असेल? अमेरिकन शाळकरी मुलांना जपानमध्ये राहायला आणण्यासाठी. जिथून आपला मुलगा परत आला नाही, त्याच देशाची मुलं.

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. "वर्ष वाया जाईल ना?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतली शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते आणि मे-जूनमध्ये संपते. दहावीची परीक्षा देऊन मूल गेलं, तर परत येऊन अकरावीला बसताना त्याचे मित्र बारावीत असतील, हे धरूनच चला. तिथल्या शाळेचा पदविकादाखला एक्स्चेंजच्या मुलाला मिळेलच अशी हमी नसते. यजमान पैसे घेत नसले तरी संस्थेचं शुल्क, विमान, विमा, हातखर्च हे सारं मिळून रक्कम मोठी होते. शिष्यवृत्त्या असतात, पण थोड्या. पैसे आणि गुण यांच्याच तराजूत तोलणार असाल तर पाठवू नका, कारण तो हिशोब जुळत नाही. मूल स्वतः मागे लागलं असेल, घरातली कामं न सांगता करत असेल, चुकलं तर तोंडानं कबूल करत असेल, तर विचार करा. तुम्हाला हौस आहे म्हणून अजिबात नको.

आणि ज्यांना जाणं जमणार नाही, म्हणजे आपल्यातले बहुतेक सगळे, त्यांच्यासाठी दुसरी बाजू आहेच. यजमान होता येतं. बंगला लागत नाही. रविवारी दुपारी सगळे घरी असताना हा विषय काढून बघा. तो नॉर्वेचा मुलगा कुठं झोपेल? अभ्यास कुठं करेल? सकाळी आधी अंघोळीला कोण जाईल? आजीला त्याचं नाव उच्चारता येईल का, की ती पहिल्याच दिवशी त्याला 'बाळ्या' करून टाकेल? भांडणं होतील, होऊ द्या. फक्त खाट घडीची चालणार नाही, एवढं बाबांना आधीच सांगून ठेवा.